तीन कुलुपं आणि कुंकवाची एक डबी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी भुवया उंचावायला नको. मी डोनलवर जळतो. वीसेक वर्षं जळतोय, आणि एवढी वर्षं एखाद्यावर सातत्यानं जळणं हेसुद्धा कष्टाचं काम आहे. नवरा-बायकोंना एवढी वर्षं प्रेम करणं जमत नाही.

संपादकबाईंनी मला 'वाळवंटातला गुरांचा डॉक्टर' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. सौदी म्हटलं की आपल्या लोकांना तेल आठवतं, फार तर उंट. मी सांगतो की मी दुधातला माणूस आहे, तर समोरचा हसतो. पण रियाधच्या दक्षिणेला अल खर्ज म्हणून गाव आहे, तिथे पत्र्याच्या मोठमोठ्या छपरांखाली पांढऱ्या-काळ्या परदेशी गायी उभ्या असतात. वर पंखे, पंख्यांतून पाण्याचं धुकं. बाहेर अंडं फोडलं तर शिजेल, आणि आत गाय गारव्यात रवंथ करतेय. तिचं दूध दिवसातून चार वेळा काढतात. चारा बोटीनं येतो. एवढे लाड आमच्या साताऱ्याकडच्या जावयाचेही होत नाहीत.

या गायी मी राखल्या. त्यांच्या पोटात हात घालून वासरं काढली, पोटाचा चौथा कप्पा जागचा हलला की तो शिवून जागेवर बसवला. हा आजार ओळखायचा कसा, तर कानाला नळी लावायची आणि बरगडीवर टिचकी मारायची. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला की समजायचं, कप्पा फुगून वर चढलाय. आणि दुधाचा ताप म्हणून एक दुखणं आहे, त्याला तापाशी काही देणंघेणं नाही. गाय व्याली की सगळं कॅल्शियम दुधात उतरतं आणि बाईसाहेब मान पोटाशी मुडपून खाली बसतात. कान गार पडतात. मग मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवायची, पण हळू. घाई केली तर गायीचं हृदय थांबतं. एका हातात बाटली, कानात नळी, ठोके ऐकत बसायचं. ती बाटली संपेपर्यंत डॉक्टरनं जागचं हलायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता डोनल. आयर्लंडचा. शेतकऱ्याचा पोर, उंच, लालभडक मानेचा, लग्न न केलेला. का नाही केलं, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तो आमच्या फार्मचा मॅनेजर आणि मी मुख्य पशुवैद्य. बंगला त्याला मोठा, मला छोटा. कंपनीचे पाहुणे आले की पहिला हात त्याच्या हातात. ऑपरेशन मी केलेलं असायचं, हात माझे बरबटलेले असायचे, हे मान्य. पण जळायला कारण लागतंच असं नाही.

खरं पोटात दुखायचं ते निराळ्याच गोष्टीनं. त्याचा देश कुणाच्याच बाजूनं नव्हता.

एकदा आपल्या सीमेवर तणाव वाढला, बातम्यांत रोज तेच. आमच्या मेसमध्ये दूध काढणारे भारतीय एका भिंतीला आणि ट्रॅक्टर चालवणारे पाकिस्तानी दुसऱ्या भिंतीला. कालपर्यंत एका ताटात खाणारे. मी आत गेलो की सगळी मेस माझ्याकडे बघायची. एकानं विचारलंच, "डॉक्टरसाब, आप कहाँ बैठोगे?" मी कुठेही बसलो तरी पंचाईत. डबा घेऊन गोठ्यात जेवायला लागलो, गायींना पासपोर्ट नसतो. आणि हा डोनल मधलं टेबल ओढून खुशाल बसला, दोन्हीकडचे त्याच्या ताटात आपापलं वाढायला लागले. इकडून कोंबडी, तिकडून डाळ.

"तुझं बरंय," मी म्हणालो. "तटस्थ देशाचा नागरिक. दोन्हीकडचं जेवायला मोकळा."

"फुकट नाही मिळालं ते," तो म्हणाला. "शेकडो वर्षं शेजाऱ्यानं राज्य केलं आमच्यावर. त्याच्या लढायांत आमची माणसं मेली. माझ्या पणजोबाचा भाऊ कुणाच्या सम्राटासाठी मेला, ते त्यालाही ठाऊक नसेल. म्हणून आम्ही ठरवलं, आता दुसऱ्याच्या लढाईत आमची पोरं नाहीत."

मग तो कुलुपांचं सांगायचा. त्यांच्या देशात बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी पाठवायचे तर तीन कुलुपं उघडावी लागतात. एक सरकारचं, दुसरं संसदेचं, तिसरं संयुक्त राष्ट्रांचं. आता तिथलं सरकार तिसरं कुलूप काढायच्या विचारात आहे, कारण त्याची किल्ली बड्या राष्ट्रांच्या खिशात आहे, त्यातल्या एकानं जरी नाही म्हटलं तरी दार उघडत नाही. हे निघालं की डोनलची मान आणखी लाल व्हायची. "एक कुलूप काढतील, मग युरोपच्या फौजेत भरती करतील, मग म्हणतील, आता आलाच आहात तर लढा."

काय सांगू, बारा माणसांसाठी तीन कुलुपं! आमच्या गावात हे सांगितलं असतं तर पारावर हसून लोळले असते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव असं की घरटी एक माणूस फौजेत. आमचे आबा हवालदार होते. मी दोनदा भरतीला उभा राहिलो आणि दोन्ही वेळेला छाती कमी भरली. आबा त्यावर एवढंच म्हणाले, "असू दे, गुरांना छाती लागत नाही."

मी डोनलला चिडवायचो, सोडायचो नाही. "तुमच्या आकाशात कुणाचं विमान शिरलं तर बघायला धड रडार नाही. वेळ आली तर जुन्या मालकाची विमानं येणार राखायला. लेका, ही तटस्थता आहे की शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या भरवशावर दार उघडं टाकून झोपणं?"

यावर तो तासभर भांडायचा. त्यांच्या पक्षांचा सगळा इतिहास ऐकवायचा. दोन जुने पक्ष, यादवी युद्धातून फुटलेले. त्याच्या बापाचं घराणं एका पक्षाचं, आईचं दुसऱ्या. लग्नात दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांशी बोलले नव्हते म्हणे. आणि आता तेच दोन पक्ष मांडीला मांडी लावून सरकारात, म्हणून डोनलनं दोन्ही सोडले आणि तटस्थतेवर ठाम असलेल्या तिसऱ्याचा झाला. मी म्हटलं, आमच्याकडेही सकाळी शिव्या आणि संध्याकाळी शपथविधी असतो. पण तुम्हाला त्याला पिढ्या लागल्या, आमचं एका रात्रीत उरकतं.

एवढा भांडायचा, पण मत देता यायचं नाही त्याला. परदेशात राहणाऱ्याला तिथे मत नाही. त्याचं दुःख बघून मला आतून बरं वाटायचं. एक तरी गोष्ट अशी की जी त्याला नाही.

आणि दुसरी म्हणजे माझी मुलगी.

शलाका पाचवीत असताना तिची आई गेली. आजार लांबला नाही, एवढंच बरं. सगळे म्हणाले, पोरीला साताऱ्याला आजीकडे ठेव. मी नाही ठेवली. शाळेची बस तिला रियाधहून आणून फार्मच्या फाटकाशी सोडायची आणि ती दप्तर टाकून वासरांच्या छपरात यायची. मी तेव्हा कुठल्या तरी गायीच्या पोटात कोपरापर्यंत असायचो. मग डोनल तिच्या हातात दुधाची बाटली द्यायचा. वासराची हनुवटी कशी धरायची, बाटली किती कलती करायची, सगळं त्यानं शिकवलं. मी हात धुऊन येईपर्यंत दोघांचं काहीतरी हसणं चाललेलं असायचं.

"काय झालं गं?" मी विचारायचो.

"नथिंग, बाबा. तुम्हाला नाही कळणार."

हे 'तुम्हाला नाही कळणार' माझ्या काळजाला लागायचं. डोनलला काय कळायचं असं? मराठीतला म सुद्धा येत नव्हता त्याला. पण पोरगी शाळेत इंग्रजी बोलायची आणि घरी येऊन माझ्याशीही इंग्रजी. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. त्या भाषेत तो तिला माझ्यापेक्षा जवळचा होता, सरळ हिशेब.

बारावीनंतर ती पुण्याला शिकली, आणि पुढचं दूधशास्त्र शिकायला कुठे गेली असेल? आयर्लंडला, कॉर्कला! कुणाच्या सांगण्यावरून, ते सांगायला नको. तिथेच प्रयोगशाळेत नोकरी लागली. काही वर्षांनी तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं आणि आपला निळा पासपोर्ट परत केला. फोनवर मला म्हणाली, "बाबा, कागद आहे तो फक्त." मी म्हटलं, हो. फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन एका गायीला विनाकारण तपासत बसलो.

त्या दिवशी डोनलनं सगळ्या फार्मला केक वाटला. "आता माझ्या घरात एक मत आलं," म्हणाला. माझ्या घरात! अंगाचा नुसता तिळपापड झाला. केक मात्र मी खाल्ला, तो चांगला होता.

तेव्हापासून नवीनच सुरू झालं. शलाकाचा फोन यायचा, माझी चौकशी व्हायची, जेवलात का, बीपीची गोळी घेतली का. मग, "अंकल आहेत का तिथे? द्या ना." आणि मग ते दोघं त्यांच्या देशावर भांडायचे. आपल्या नाही, त्यांच्या. ती म्हणायची "आपल्याकडे", आणि ते आपल्याकडे म्हणजे कॉर्क असायचं. फोन माझा, मुलगी माझी, आणि मी हातात स्पीकर धरून उभा.

ती त्याच्या विरुद्ध बाजूची निघाली, एवढाच मला दिलासा. शाळेत असताना एका संध्याकाळी रियाधच्या आकाशात क्षेपणास्त्र पाडल्याचा आवाज तिनं ऐकला होता, खिडक्या थरथरल्या होत्या. ती म्हणायची, "अंकल, तुम्ही अल खर्जला शांत झोपता कारण कुणीतरी तिथलं आकाश राखतंय. आपल्या देशाचं कोण राखतं? समुद्राखालच्या तारा कोण राखतं? तटस्थ राहायचं तर स्वतःच्या दारात स्वतः उभं राहायला नको?" डोनल म्हणायचा, "दारात उभं राहा, माझी हरकत नाही. गावच्या दादाच्या टोळीत जाऊ नका." आणि मी मनात म्हणायचो, वा पोरी, आबांची नात शोभतेस.

तोंडानं मात्र हे कधी म्हणालो नाही. तिथेच घोळ झाला असावा.

एका दुपारी मी औषधाचा साठा बघायला ऑफिसकडे निघालो, तर आतून डोनलचं ओरडणं. "तुला वेड लागलंय! उद्या तिसरं कुलूप काढतील आणि तुला कुठल्या तरी परक्या जनरलच्या हाताखाली उभं करतील!" मला वाटलं, आयर्लंडमधल्या भावाशी भांडतोय. दार ढकलणार, तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला. शलाकाचा. "अंकल, माझी निवड झालीय. मी जाणार. आणि प्लीज, बाबांना इतक्यात सांगू नका."

मी आत गेलो. डोनलचा चेहरा पांढरा पडला. त्या लाल मानेवर तो पांढरा चेहरा बघण्यासारखा होता, पण बघायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

"काय सांगायचं नाही बाबांना?" मी फोनकडे बघून मराठीत विचारलं.

 मग तीही मराठीत बोलली, किती तरी दिवसांनी. "बाबा, मी आर्मीत जातेय. ऑफिसरच्या ट्रेनिंगला."

आणि मी, हवालदाराचा मुलगा, दोनदा भरतीतून परत आलेला, पहिलं काय विचारावं? "कुठल्या देशाच्या?"

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही हेच विचाराल म्हणून सांगितलं नव्हतं." आणि फोन ठेवला.

मी डोनलकडे वळलो. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"काही महिने झाले."

"आणि गप्प बसलास?"

"ते तुम्हा बापलेकीचं होतं. मी त्यात तटस्थ."

बास. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. "तटस्थ? माझ्या घरात? माझी पोर फौजेत चालली, तिनं तुला सांगितलं, मला नाही, आणि तू रोज माझ्याबरोबर चहा पीत होतास! च्यायला, याला तटस्थ नाही म्हणत, याला चोरी म्हणतात. आधी माझी संध्याकाळ नेलीस, मग भाषा नेलीस, आता ही बातमीही तूच नेलीस!" हे अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत झालं. ट्रॅक्टरवाले बाहेर गोळा झाले होते.

डोनल खुर्चीत बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "डॉक, मी तिला थांबवत होतो. इतके महिने तेच करत होतो. रोज भांडलो. आमची फौज आता कुठे ओढली जातेय ते मला दिसतंय, तिथे ती नको होती मला. पण ती माझ्याशी का भांडत होती, माहीत आहे? म्हणाली, 'अंकल, तुम्ही विरोध करा, सगळे मुद्दे काढा. तुमच्याशी जिंकले तर बाबांशी बोलायचं धाडस होईल.' मी तालमीतला पैलवान होतो, डॉक. कुस्ती तुझ्याशीच होती."

आता यावर माणसानं विरघळावं की नाही? मी नाही विरघळलो. उलट आणखी जळलो. म्हणजे भांडायलासुद्धा ती आधी त्याच्याकडे गेली! माझं पोरीशी नीट भांडणही कधी झालं नव्हतं, आणि ते ताजं ताजं भांडण महिनोन्महिने हा माणूस चाखत होता.

पोरीशी दोन दिवसांत बोललो. आपलंच पोर, किती ताणणार. म्हटलं, "छाती भरली का गं?" ती हसली आणि मग रडली. म्हणाली, "तिथे छाती मोजत नाहीत, बाबा." डोनलशी मात्र गायींपुरतंच बोलणं ठेवलं. अमुक नंबरची लंगडतेय, तमुक नंबरची माजावर आहे, खलास.

तिचं ट्रेनिंग वर्षाच्या वर चाललं. शेवटी शपथ आणि संचलन, घरच्यांना बोलावणं. मी व्हिसा काढून ठेवला, गरम कोट घेतला. आमच्या फार्मचा एक नियम होता, मॅनेजर आणि मुख्य डॉक्टर एका वेळी रजेवर जायचं नाही. दोघांतला एक फार्मवर हवाच. यंदा जाणारा मी होतो.  त्याच्या देशात, त्यानं शिकवलेल्या पोरीचा सोहळा, आणि तो इथे शेणात. माझी जळजळ पहिल्यांदाच शांत झाली होती, खोटं कशाला बोलू?

निघायच्या आठवड्यात शेजारच्या फार्मवर लाळ-खुरकूत आल्याची बातमी आली. हा आजार वाऱ्यानं पसरतो, चाकानं पसरतो, माणसाच्या बुटांनी पसरतो. जनावराच्या तोंडात आणि खुरात फोड येतात, दूध आटतं, वासरं मरतात. आमच्या भागात फार्म सगळे एकमेकांचे वैरी, एरवी कुणी कुणाला आपल्या विहिरीची खोलीही सांगणार नाही. पण डोनलनं अर्ध्या तासात सगळ्या वैऱ्यांना फोन लावले. कुणाकडे किती लस, कुणाची गाडी कुठल्या रस्त्यानं गेली, कुणाचं पाणी कुठून, सगळं एकमेकांना सांगायचं, आजपासून.

"काय रे," मी म्हणालो, त्यातही राहवलं नाही, "आता कसा सगळ्यांशी तह केलास? आजारात तटस्थ राहायचं होतंस."

"गायींच्या बाबतीत मी कधीच तटस्थ नव्हतो," तो म्हणाला.

आणि मला कळून चुकलं की मी जाऊ शकत नाही. लसीकरण, रोज प्रत्येक गोठ्यात जाऊन तोंडं उघडून बघणं, हे काम डॉक्टरचं. मॅनेजरविना फार्म चार दिवस चालेल, डॉक्टरविना चालणार नाही. आबा असते तर म्हणाले असते, ड्युटी सोडून पळतोस होय? साताऱ्याला आईला फोन केला, तिलाही तेच वाटलं. फक्त ती म्हणाली, "पोरीला ओवाळायला कुणीतरी पाहिजे बाबा. आपल्यात फौजेतलं माणूस बिनटिळ्याचं गेलेलं नाही. तुझ्या आबांना दर रजेनंतर मी ओवाळून पाठवलंय."

कोण ओवाळणार? तिथे आमचं कोण होतं?

सगळा गिळला राग. शलाकाच्या आईचं निरंजन, कुंकवाची डबी, सुपारी, अक्षता एका रुमालात बांधल्या आणि डोनलच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "तू जा."

तो रुमालाकडे बघत राहिला. "मी? लष्करी सोहळ्याला? डॉक, मी आयुष्यभर..."

"तुझं आयुष्यभराचं नको सांगू. विमान पकड."

गेला. नवे बूट घेतले, जुने इथेच जाळले, आंघोळीवर आंघोळ केली. कारण आमच्या भागात रोग, आणि त्याच्या देशात लाखो गायी. त्याच्या भावाचा गोठा शलाकाच्या छावणीपासून तासाभराच्या अंतरावर, जिथे तो जन्मला, पण तिथे पाऊल टाकायचं नाही असं त्यानंच ठरवलं होतं. घराजवळून गेला आणि घरी गेला नाही. हे कळल्यावर मला जळता येईना, म्हणून आणखी राग आला.

संचलनाच्या दिवशी मी व्हिडिओवर बघणार होतो. तर नेमकी त्याच वेळी एक गाय व्याली आणि बसली. मान पोटाशी, कान गार. दुधाचा ताप. शिरेत सुई घातली, बाटली वर धरली, नळी कानात. तेवढ्यात फोन. आमचा ट्रॅक्टरवाला बशीर, मुलतानचा, त्यानं फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. एका खिडकीत डोनल, एका खिडकीत साताऱ्याहून आई. हलता येत नाही, हात सोडता येत नाही, एका कानात गायीचे ठोके.

पोरगी दिसली. हिरवा गणवेश, ताठ मान, टोपी काखेत. शपथ झाली होती, पटांगणात सगळ्यांचे आईबाप आपापल्या पोरांना मिठ्या मारत होते. डोनलनं एका बाकावर ताट मांडलं होतं. तूप मिळालं नाही म्हणून बहाद्दरानं निरंजनात लोणी घातलं होतं, त्याला आपल्या देशाच्या लोण्याचा भारी अभिमान. ते तडतडत होतं, आणि वाऱ्यानं ज्योत विझत होती. दोनदा विझली. मग शलाकानं टोपीचा आडोसा धरला.

"उजवीकडनं म्हणावं त्याला, उजवीकडनं!" आई ओरडली.

"फ्रॉम द राइट!" मी ओरडलो. गाय दचकली. मी पुन्हा ठोके ऐकले, ठीक होते.

"आता टिळा. टिळा लाव म्हणावं."

डोनलनं डबीत अंगठा बुडवला. आता त्याचा हात म्हणजे जन्मभर गायींना खडूनं खुणा करणारा. औषध दिलेली गाय ओळखू यावी म्हणून आम्ही तिच्या पाठीवर भला मोठा पट्टा ओढतो. त्यानं तसाच ओढला, भुवयांच्या मधून थेट केसांपर्यंत, एका दमात.

"अरे मेल्या!" आई म्हणाली. "पोर आहे ती, म्हैस नाही!"

शलाका हसत सुटली. डोनलला कळेना काय चुकलं. इतक्यात कुणी एक अधिकारी मागून आला, त्यानं डोनलचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आपण वडील?"

मी बाटली धरून श्वास रोखला. कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रश्नात काय आहे? माझं सगळं त्यातच होतं.

"नाही," डोनल म्हणाला. "तिचा बाप ड्युटीवर आहे." आणि फोन त्या अधिकाऱ्याच्या तोंडासमोर धरला. "हा बघा."

मी शेणानं माखलेला, बाटली डोक्यावर धरून गायीच्या मानेशी बसलेला. त्या माणसानं मला कडक सलाम ठोकला. माझा हात रिकामा नव्हता. बशीरनं माझ्या वतीनं सलाम केला, मुलतानच्या माणसानं आयर्लंडच्या फौजेला. बाटली संपली, सुई काढली, गाय थोड्या वेळानं उठली. मी मात्र तिथेच बसून राहिलो, आणि बशीर शहाण्यासारखा निघून गेला.

शलाकाच्या अधिकृत फोटोत तो पट्टा आहे. तिनं पुसू दिला नाही. फोटो माझ्याकडे भिंतीवर आहे आणि तो बघितला की मला आजही आधी डोनलचा अंगठा दिसतो, मग पोरगी.

परत आल्यावर डोनलनं रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. आम्ही पुन्हा चहा प्यायला लागलो. पण तो फार दिवस राहिला नाही, निवृत्त होऊन घरी गेला. आता त्याला मत आहे, गवत आहे, आणि दर रविवारी माझी मुलगी त्याच्याकडे जेवायला जाते. बटाटे खात दोघं कुलुपांवर भांडतात आणि मला व्हिडिओवर बोलावतात. "डॉक, तू कुणाच्या बाजूनं?" तो विचारतो.

"मी तटस्थ," मी म्हणतो. त्याला तेवढीच शिक्षा. आतून मी पोरीच्या बाजूनं आहे, पण ते त्याला कळू देत नाही.

गेल्या रविवारी शलाकानं सांगितलं, तिच्या तुकडीला परदेशी जायचंय, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, निळी टोपी घालून. डोनलचा मोठा भाऊ तरुणपणी असाच लेबनॉनला जाऊन आला होता. त्यामुळे डोनल खूश. "तिन्ही कुलुपं रीतसर उघडून चाललीय," म्हणाला. "असं सैन्य मला चालतं." मी मात्र मनात म्हटलं, निळ्या टोप्यांवरही गोळे पडतात.

साताऱ्याहून आई फोनवर होती. तिनं विचारलं, "जायच्या आधी ओवाळणार कोण?" आणि माझ्या सख्ख्या आईनं, हवालदाराच्या बायकोनं, स्वतःच उत्तर दिलं. "त्या डोनललाच सांग. तो तिथंच आहे. आता त्याचा हात बसलाय."

हात बसलाय! अंगाची आग झाली नुसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत जाऊन फायनल एक्झिटचा, म्हणजे सौदी कायमचं सोडायचा, अर्ज दिला. नवा मॅनेजर म्हणाला, डॉक्टर, उन्हाळा संपेपर्यंत तरी थांबा. म्हटलं, भरपूर उन्हाळे काढले, आता खलास. माझ्या हाताखालचा डॉक्टर तयार आहे, टिचकी मारून कप्पा ओळखतो. हे लिहितोय तेव्हा बॅग दारात आहे. तिच्यात गरम कोट आहे, साजूक तुपाची बाटली आहे, आणि डबी हाताशी वरच्या खिशात. डोनल विमानतळावर न्यायला येणार आहे. येऊ दे. गाडी त्यानं चालवावी, रस्ता त्यानं दाखवावा, कुलुपांवर काय भांडायचं ते भांडावं.

टिळा मी लावणार.